गरोदरपणातला चहा : बंद करावा, की वेळ बदलावी?

मूळ मुद्दा (शुक्रवार पेठ)
माझ्या वहिनीला सहावा महिना चालू आहे आणि गेल्या तपासणीत तिचे हिमोग्लोबिन ९.८ निघाले, गरोदरपणात ते ११ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. लोहाची गोळी ती एकही दिवस चुकवत नाही. परवा सकाळी मात्र चहा-चपाती खाऊन झाल्यावर तिने कपात उरलेल्या चहाबरोबरच गोळी गिळली, हे मी पाहिले. चहातली टॅनिन, म्हणजे चहाला तुरटपणा देणारी द्रव्ये, धान्य, कडधान्य, पालेभाज्या आणि गोळीतल्या लोहाला पोटातच धरून ठेवतात. जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोहाचे शोषण निम्म्याहून कमी होऊ शकते. दूध घातल्याने यात फारसा फरक पडत नाही. म्हणून बाळंतपणापर्यंत चहा बंदच करावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (कसबा बावडा)
हे मला पटत नाही. माझ्या पहिल्या खेपेला सकाळी पोटात टिकायचा तो फक्त अर्धा कप चहा, आणि सासूबाईंनी तोही तोडल्यावर मी दुपारपर्यंत उपाशी राहू लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आहे. त्याचे खापर कपावर फोडण्याआधी ताटात काय पडते ते पाहावे. तांबड्या-पांढऱ्या रश्शाचे आपल्याला मोठे कौतुक, पण सून शेवटी जेवायला बसते तेव्हा पातेल्यात रस्साच उरलेला असतो, फोडी संपलेल्या असतात. मटणातल्या लोहावर चहाचा तितकासा परिणाम होत नाही, पण ते मटण तिच्या वाट्याला यायला हवे.

प्रतिसाद (राजारामपुरी)
ताटाचा मुद्दा खरा असला, तरी त्यामुळे चहा निर्दोष ठरत नाही. ज्या घरात मटण आठवड्यातून एकदाच शिजते, तिथे रोजचे लोह भाकरी, मेथी आणि उसळीतूनच येते आणि चहा नेमका त्याच्याच आड येतो. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून टॅनिन जात नाहीत. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे, आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेऊ नये.

मूळ लेखिका
फोडींचे वाचून मला वाईट वाटले, कारण आमच्याकडेही वहिनीच शेवटी बसते. बंदीचा आग्रह मी सोडते, पण दिवसाला चार कप मला अजूनही मान्य नाहीत. गोळ्यांचे पाकीट चहाच्या डब्याशेजारून उचलून मी तिच्या उशाशी ठेवले आहे, आणि रविवारी पहिले ताट तिचे वाढायचे, हे आईला सांगितले आहे.