उत्तर: लाल दिवे आणि मागचं लेबल
मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलवर बिघाड झाला की लागणारे लाल दिवे म्हणजे निव्वळ धूळ, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. पटत नाही. सतत तापून-थंड होऊन चिपच्या आतले जोड तडकायचे. म्हणून तर टॉवेल गुंडाळून तापवायचा तो अघोरी उपाय चार दिवस टिकायचा आणि पुन्हा तेच. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडाची वॉरंटी ३ वर्षांची केली, ती काही धुळीसाठी नाही!

जुना घ्यायचा असेल तर कन्सोलच्या मागच्या लेबलवर १२ व्होल्टपुढचा अँपिअरचा आकडा बघा, त्यावरून आतला बोर्ड कोणत्या पिढीचा ते कळतं. १६.५ असेल तर सुरुवातीचा, जास्त वीज खाणारा बोर्ड, लांबूनच नमस्कार. १४.२ म्हणजे बहुधा नंतरचा फाल्कन बोर्ड, १२.१ म्हणजे त्याच्याही नंतरचा जॅस्पर. मी तर जॅस्परच घेईन. नुसतं एचडीएमआय पोर्ट बघून फसू नका, फाल्कनच्या आधीच्या झेफर बोर्डलाही ते होतं आणि आकडा मात्र १६.५च.