लहान मुलांना ऱ्हस्व-दीर्घ कसं शिकवलंत? अनुभव लिहा

रानजाई
काल भाचीचं श्रुतलेखन घेत होते, तिसरीत आहे. 'फूल' बरोबर लिहिलं आणि खालच्याच ओळीत 'फूलांचा हार'. म्हणाली आत्या शब्द तोच आहे ना, मग उकार का बदलायचा? एकदम आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाई आठवल्या. त्या आधी नियम सांगायच्याच नाहीत. फळ्यावर नुसत्या जोड्या, फूल-फुलाला, मूल-मुलाला, चूल-चुलीत, गरीब-गरिबाला, विहीर-विहिरीत, आणि आम्ही सगळ्यांनी जोरात म्हणायचं. थोड्या जोड्या झाल्या की मागून कुणीतरी ओरडायचंच, बाई, शेपूट लागलं की पहिला उकार! मग त्या म्हणायच्या, हं, आता लिहा वहीत. मला मनापासून वाटतं की पहिली ते चौथीला असंच शिकवावं, नियम पोरांनाच सापडू द्यावा. लाल पेनाने गोल करून वही रंगते फक्त. तुम्ही शिकवलं असेल, शिकला असाल, सगळं लिहा.

खडूचीपेटी
दुसरी-तिसरी एकत्र बसते आमच्याकडे. मी शेवटचं अक्षर आधी घेतो. पाटी, वाटी, लाडू, मी, तू, शेवटी आलं की दुसरी वेलांटी, दुसरा उकार. अपवाद सुरुवातीला एकच, 'आणि'. मग चिंच, लिंबू, भिंग, सुंठ, डोक्यावर टिंब दिसलं की पहिली. आणि एक सांगायचंय, आमची बरीच पोरं घरी अहिराणी बोलतात, ती 'पानी' लिहितात. त्यांना अशुद्ध म्हणू नका हो, आईची भाषा आहे ती. मी सांगतो घरी पानी, वहीत पाणी. बरोबर पकडतात.

ताकभात
हो हो 'आणि'!!! आमच्या चिरंजीवांनी गाणंच केलंय, पाणीला दुसरी आणिला पहिली, आंघोळ करतानापण तेच 😂 कुकर झालाय, नंतर येते

जुनीदौत
माझी आई पत्रात 'कां', 'नाहीं', 'घरीं' असं लिहायची. 1962 साली साहित्य महामंडळाचे चौदा नियम आले आणि जे अनुस्वार उच्चारात नाहीत ते गेले, 1972 ला आणखी चार नियम जोडले, तरी आई शेवटपर्यंत टिंबं द्यायची. नातवाला पत्र दाखवलं तर म्हणे पणजीचं सगळं चुकलं. म्हटलं चुकलं नाही रे राजा, तेव्हा तसंच बरोबर होतं. मग तासभर टिंबं शोधत बसला, त्या निमित्ताने पत्र पूर्ण वाचून झालं त्याचं.

रानजाई
काका किती छान! जपून ठेवा ती पत्रं, शाई उडते.

दूरचीवाट
न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. इथली मुलं रोमनमध्ये टाइप करतात, फोन देवनागरी करून देतो आणि पट्टीत पहिलं येईल ते घेतात, नागपूर काय नि नागपुर काय. म्हणून मी हातानेच लिहून घेते. गावांची नावं छान चालतात, नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, 'पूर' नेहमी दुसरा उकार, आणि आजीकडे जायचं की कोल्हापुरात, पहिला. आजीचं गाव म्हटलं की पोरं लक्ष देतात.

ताकभात
कोल्हापूरला कुणाची आजी? माझं माहेर गडहिंग्लज 🙂

दूरचीवाट
सासूबाई माझ्या, राजारामपुरीत. तुम्ही कधी येता माहेरी? आम्ही मे महिन्यात आहोत

रानजाई
खडूचीपेटी सर, भाचीने आज 'गूण' लिहिलं, फूल सारखं म्हणून. आता?

खडूचीपेटी
ताई तिने तर नियम लावला, शाबासकी द्या आधी! गुण, विष, मंदिर हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, त्यांना पहिलीच. एवढ्यात समजावत बसू नका. मी वेगळा तक्ता लावतो 'पाहुणे शब्द' म्हणून, येता जाता वाचतात, डोळ्याला सवय होते.

ताकभात
सर तक्त्याचा फोटो टाका ना प्लीज

खडूचीपेटी
उद्या शाळेत गेल्यावर टाकतो