मदत हवी आहे: आयएसओ २७००१ चं ऑडिट आणि अँटिव्हायरस न चालणारं एक मशीन

नमस्कार मंडळी,

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचा व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. तिथलं आयटीचं सगळं मी बघतो. परदेशातल्या एका ग्राहकाने कळवलंय की यापुढे ड्रॉइंग हवी असतील तर आयएसओ २७००१ चं, म्हणजे माहिती सुरक्षेच्या मानकाचं, सर्टिफिकेट लागेल. स्टेज १ ऑडिट (कागदपत्रांचं) झालंय, स्टेज २ (प्रत्यक्ष जागेवरचं) दिवाळीनंतर आहे. अडलंय ते अँटिव्हायरसपाशी.

ऑफिसमध्ये काय केलंय ते आधी सांगतो, म्हणजे तेच सल्ले पुन्हा द्यायला नकोत. सगळे पीसी आणि सर्व्हर एका कन्सोलवर आणले. कोणाला अँटिव्हायरस बंद करता येत नाही, काढायचा तर पासवर्ड लागतो, आणि लोकल ॲडमिनचे हक्क काढून घेतलेत. आयकारची ६८ अक्षरांची टेस्ट फाइल (अँटिव्हायरस पकडतो का हे पाहण्यासाठीची निरुपद्रवी फाइल) प्रत्येक विभागात टाकून पाहिली. कन्सोलवर अलर्ट आला, मेल आला, दोन्हीचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट ठेवलेत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, तीही सोय झाली आहे.

डिझाइनवाल्यांचं म्हणणं, मोठी असेम्ब्ली उघडताना स्कॅनमुळे पीसी रखडतो, तेव्हा अख्खा डी ड्राइव्ह स्कॅनमधून वगळा. याला मी तयार नाही. ग्राहकाची ड्रॉइंग त्याच ड्राइव्हवर आहेत. मग राखायचं तरी काय?

आता खरा प्रश्न. शॉप फ्लोअरवरच्या एका सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशीनचा पीसी विंडोज ७ वर चालतो. त्या विंडोजचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. मशीन पुरवणाऱ्यांनी लेखी दिलंय की त्यावर दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर टाकलं तर सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट रद्द. इंटरनेट तिथे नाही, पण पॅनेलच्या कडीला लाल नाडीने बांधलेला एक पेन ड्राइव्ह आहे. प्रोग्रॅमर तो सोडून वर ऑफिसात नेतो, प्रोग्रॅम भरतो, खाली आणून लावतो. पाळी बदलली तरी पेन ड्राइव्ह तोच. ऑपरेटरभाई म्हणतात, "नेट ज नथी, तो वायरस क्यांथी आवशे?" (नेटच नाही, तर व्हायरस येणार कुठून?) त्यांना मी २०१० साली उजेडात आलेल्या स्टक्सनेट या मालवेअरबद्दल (घातक सॉफ्टवेअरबद्दल) सांगितलं. नेटपासून तोडलेल्या यंत्रणेत तो पेन ड्राइव्हमधूनच शिरत असे.

आमचे सल्लागार म्हणतात, ते मशीन मालमत्तेच्या यादीतच दाखवू नका, ऑडिट सुरळीत पार पडेल. मला हे पटत नाही. ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून केलेला प्रोग्रॅम त्याच मशीनवर असतो. ज्यासाठी सर्टिफिकेट मागितलंय तीच वस्तू लपवायची, तर ग्राहकाला दिलेल्या शब्दाला काय अर्थ?

मानकात नियंत्रण ८.७ मी नीट वाचलं. मालवेअरपासून संरक्षण हवं आणि त्याला वापरणाऱ्यांच्या जागरूकतेची जोड हवी, एवढंच ते सांगतं. अमुक सॉफ्टवेअर घ्या असं कुठे नाही. मग या मशीनला अँटिव्हायरसऐवजी दुसरे उपाय केले तर चालतील का? ते कागदावर कसे मांडायचे? कोणी कारखान्यात हे केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

दादा, मशीन यादीत ठेवा, हे पहिलं. ऑडिटर शॉप फ्लोअरवर फिरतातच. यादीत नसलेला पीसी समोर दिसला की बाकीच्या यादीवरचाही त्यांचा विश्वास उडतो.

दुसरे उपाय चालतात, पण जोखीम लिहून काढा. अँटिव्हायरस का नाही, त्याऐवजी काय केलं, एवढं करूनही किती धोका उरतो, आणि तो कोणी मान्य केला. ही शेवटची सही तुमची नको. ज्यांच्या ताब्यात ती जोखीम आहे त्या प्रॉडक्शन हेडची किंवा शेठची घ्या, मानकाचं कलम ६.१.३ तेच मागतं. पुरवठादाराचं पत्र सोबत लावा आणि फेरतपासणीची तारीख घाला. तारीख नसली तर ती सूट कायमची होऊन बसते.

आता मशीनपाशी. आधी डिस्कची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढा आणि ती दुसऱ्या डिस्कवर चढवून मशीन सुरू होतं का, हे खरोखर करून पाहा. ऑटोरन (पेन ड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम आपोआप सुरू होणं) बंद करा. ठरलेले प्रोग्रॅम सोडून दुसरं काही चालूच नये असं करता येतं. त्यासाठी विंडोजमध्ये ॲपलॉकर असतो, पण विंडोज ७ प्रोफेशनल असेल तर त्याचे नियम लागू होत नाहीत, तिथे सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसी वापरा. ती विंडोजमधलीच सोय आहे, बाहेरून काही टाकावं लागत नाही. तरी पुरवठादाराची लेखी संमती घ्या.

पेन ड्राइव्हसाठी ऑफिस आणि शॉप फ्लोअर यांच्यामध्ये एक वेगळा पीसी ठेवा, ताज्या अपडेटचा, फक्त स्कॅनसाठी. मशीनला लागणारा पेन ड्राइव्ह आधी तिथे लागला पाहिजे आणि वहीत वेळ व सही पडली पाहिजे. पेन ड्राइव्हवर नंबर घाला, घरचा कोणी लावू नये. यात नियंत्रण ७.१० चंही (पेन ड्राइव्हसारख्या साठवणुकीच्या साधनांबद्दलचं) काम होतं. सर्व्हिस इंजिनिअरला हाच नियम लावा. तो बाहेरचा लॅपटॉप आणि स्वतःचा पेन ड्राइव्ह घेऊन येतो आणि पाहुणा म्हणून त्याला कोणी अडवत नाही.

डिझाइनवाल्यांना म्हणावं, रखडतं कुठे ते आधी मोजून दाखवा. बहुतेक वेळा कॅडचं (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं) एखादं कॅश फोल्डर, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, वगळून भागतं. तेवढंच वगळा, कारण आणि मंजुरी लिहून ठेवा, आणि रोजचा पूर्ण स्कॅन जेवणाच्या सुट्टीत लावून बघा.

ऑपरेटरभाईंना पंधरा मिनिटं गुजरातीतून समजावा आणि हजेरी घ्या. स्टेज २ ला ऑडिटर तुम्हाला सोडून त्यांनाच विचारतील, पेन ड्राइव्ह लावण्याआधी काय करता म्हणून.