मदत हवी आहे: जुन्या गाडीचा टोटल लॉस, विमा कंपनीचा सर्व्हेअर ऐकंना

मंडळी, माझी २०१३ ची वॅगनआर, गेवराईच्या अलीकडं रात्री रोही (नीलगाय) आडवा आला, वाचवायला गेलो तर गाडी थेट पुलाच्या कठड्यावर. आम्ही वाचलो, पण बोनेट पार काचेपर्यंत आलं. पॉलिसी फुल आहे, आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) १,६०,०००. गॅरेजनं १,४५,००० चं एस्टिमेट दिलं, म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर, त्यामुळं टोटल लॉस (दुरुस्ती न करता गाडी पूर्ण गेली असं धरणं) झाला, इथपर्यंत ठीक.

आता सर्व्हेअर म्हणायलाय की सॅल्व्हेज (मोडक्या गाडीची किंमत) ७०,००० धरा, १,००० कंपल्सरी (क्लेममध्ये आपण सोसायचा ठरलेला हिस्सा) कापा, ८९,००० घ्या आन् गाडी तुमच्याकडंच ठेवा. अहो पण जालन्याचा भंगारवाला ४०,००० च्या वर जाईना! त्यात सीएनजी किट मागच्याच वर्षी बसवलंय, पॉलिसीत नोंद आहे, त्याचं तर नावच काढंना.

मी म्हणलं ७०,००० चं गिऱ्हाईक तुम्हीच आणा, गाडी घेऊन जा, मला १,५९,००० द्या, तर फोनच उचलंना झालाय. डिस्चार्ज व्हाउचरवर (रक्कम मान्य असल्याच्या कागदावर) सही केली नाही अजून. कुणी असं भांडून पैसे काढलेत का? सर्व्हे रिपोर्टची कॉपी लेखी मागू का आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला मेल टाकू? विमा लोकपालाकडं किती दिवस लागले? आन् आरसी कॅन्सल कुणी करायची?