मदत हवी आहे : आवडत्या ६० सिनेमांतून १० कसे काढायचे?

विश्रामबाग_सांगली
आमच्या सिनेमागटात प्रत्येकाने सर्वकाळच्या आवडत्या १० सिनेमांची यादी द्यायची आहे. माझी ६० वर अडकलीय. गुण देऊन पाहिले तर निम्म्यांना १० पैकी ८! क्रम लावावाच लागतो का? आणि मराठी-हिंदी दोन्हींत निघालेला सिनेमा एक धरायचा की दोन? रविवारपर्यंत द्यायचंय.

कृष्णाकाठ
गुण नकोत, दोन-दोन सिनेमांच्या जोड्या लावून त्यातला एक निवडा. मात्र ६० च्या सगळ्या जोड्या १७७० होतात, त्या नादाला लागू नका. ६० चिठ्ठ्या करा, कुठल्याही १० आवडीच्या क्रमाने मांडा. अकरावी उचलली की आधी दहाव्याशी भिडवा. हरली तर बाद. जिंकली तर जुनी दहावी बाद, आणि हिला पाचव्याशी भिडवा, मग वरच्या किंवा खालच्या अर्ध्यात. एका चिठ्ठीला फार तर पाच तुलना लागतात.

गोची होते ती प्रश्न बदलल्यामुळे. एका जोडीत अभिनय बघितला, दुसरीत गाणी, की अ ब-ला हरवतो, ब क-ला आणि क पुन्हा अ-ला. म्हणून प्रश्न एकच ठेवा. ‘आज रात्री कोणता बघाल?’ हा नको, दमलेल्या माणसाकडून त्यात विनोदीच जिंकतात. ‘यापुढे दोघांपैकी एकच बघता येईल, तर कोणता?’ हा विचारा. ज्यांचा आदर वाटतो पण पुन्हा बघवत नाहीत, ते आपोआप गळतात.

वाईकर_घाटावरचा
आधी गाळणी लावा. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिलेले बाजूला, ताजेपणा फसवतो. ज्याची फक्त गाणी आठवतात, तोही बाजूला. गाण्यांची यादी वेगळी करा की! आणि गाववाल्यांचा पक्षपात. ‘स्वदेस’चं (२००४) चित्रीकरण वाईजवळ मेणवलीच्या नदीघाटावर झालं, म्हणून आमच्याकडे तो हमखास पहिल्या पाचात असतो. घाट वगळून तो टिकतो का, एवढं बघायचं.

कृष्णाकाठ
क्रमाची सक्ती नको. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश सिनेमा-मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. तिथेही प्रत्येकाने दहा नावं द्यायची, दहाही मतं सारख्या वजनाची.

जुनी_रिळं
प्रभातचे ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘दुनिया न माने’ हे डबिंग नव्हे, दोन्ही भाषांत वेगळं चित्रीकरण झालंय. तरी यादीत जागा एकच, जो पाहिलात त्याचं नाव लिहा. दोन्ही पाहिले असतील तर मराठी लिहा, हे आपलं माझं मत.
कोणती प्रत पाहिलीत तेही लिहा. १९७५ ला थिएटरात लागलेल्या ‘शोले’त शेवटी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात, मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. एकाने हा आणि दुसऱ्याने तो पाहिलेला असला की गटात वाद ठरलेला.

विश्रामबाग_सांगली
चिठ्ठ्या कापायला घेतल्या. एकाच दिग्दर्शकाचे चार आहेत, चालतील?

वाईकर_घाटावरचा
चालतील. ‘एका दिग्दर्शकाचा एकच’ हा नियम महोत्सवाला ठीक, आवडीला नाही. फक्त ते चार आधी आपापसात भिडवा. बहुतेकदा दोनच उरतात.