लेख परत येतो तो ओळख नसल्यामुळे नव्हे

पंचगंगातीर

परवा एका सदस्याने या चर्चामंचावर लिहिले होते की, "मोठ्या संकेतस्थळावर लेख लागायचा तर पुण्या-मुंबईत ओळख हवी, कोल्हापुरातून गेलेला ईमेल कुणी उघडूनही पाहत नाही." त्याखाली सहमतीची रांग लागलेली पाहिली आणि गप्प बसवेना. मी राजारामपुरीत राहतो, सहा वर्षे लिहितो आहे, मुंबईतल्या एकाही संपादकाला प्रत्यक्ष भेटलेलो नाही, आणि तरीही माझे 11 लेख स्वीकारले गेले. 19 परत आले. परत आलेल्यांपैकी बहुतेकांत चूक माझीच होती, आणि ती काय होती हे सांगितल्याशिवाय या चर्चेला अर्थ नाही.

सुरुवातीचे लेख मी आधी स्वतःच्या ब्लॉगवर टाकले आणि मग तेच पाठवले. ज्यांना अप्रकाशित मजकूर हवा असतो ते असा लेख घेत नाहीत, कारण एकच मजकूर दोन ठिकाणी असला की शोधयंत्र बहुधा त्यातला एकच पुढे आणते. पुराच्या लेखात वेगळीच चूक झाली. 2019 च्या ऑगस्टबद्दल लिहिताना मी "पाणी 43 च्या वर गेले आणि आम्ही सामान माळ्यावर चढवले" असे लिहून पुढे गेलो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांवर इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. नागपूरच्या वाचकाला 43 हा नुसता आकडा आहे. शिवाय तो लेख मी दिवाळीनंतर पाठवला, तोवर पाणी आणि बातमी दोन्ही ओसरले होते.

कोल्हापुरी चपलेवरचा माझा लेख चार वर्षे कुणी घेतला नाही. 2025 च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली आणि गदारोळ झाला. मी दोन दिवसांत 700 शब्द नव्याने लिहिले. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते एकट्या कोल्हापूरला नव्हे, तर महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात ठेवला, आणि ईमेलमध्ये हा लेख आजच का हवा हे तीन ओळींत सांगितले. त्याच संध्याकाळी होकार आला. मधल्या काळात माझी ओळख वाढली नव्हती.

मंगळवार पेठ

आपला लेख मी तीनदा वाचला आणि तो आपल्याच विरुद्ध साक्ष देतो असे माझे मत झाले. चार वर्षे चप्पल तीच होती, ती शिवणारे हात तेच होते आणि लिहिणारे आपणही तेच होता. होकार मात्र इटलीतल्या एका कंपनीने ती चप्पल उचलल्यावर आला. याला मी लेखाचा स्वीकार म्हणत नाही. आपल्या विषयावर बाहेरच्याचा शिक्का बसेपर्यंत तो विषयच मानला जात नाही, एवढेच यातून सिद्ध होते.

आणखी एक गोष्ट आपण शिताफीने वगळली आहे. त्या 11 लेखांचे मानधन किती मिळाले? माझे तीन लेख एका मोठ्या संकेतस्थळाने घेतले आणि तिन्ही वेळा "आपल्याला लाखो वाचक मिळतील" एवढेच मिळाले. अमेरिकेत हफिंग्टन पोस्ट हे बातम्यांचे संकेतस्थळ 2005 मध्ये सुरू झाले आणि ते मोठ्या प्रमाणावर विनामोबदला लिहिणाऱ्यांच्या बळावर वाढले. 2011 मध्ये ते एओएल कंपनीने 31 कोटी 50 लाख डॉलरना विकत घेतले, तेव्हा त्या लेखकांच्या हाती काहीच आले नाही. पुढे 2018 मध्ये अमेरिकेतले ते लेखकांचे दालनच बंद झाले. त्यात लिहिणाऱ्यांची संख्या तोवर एक लाखाच्या घरात गेली होती. स्वीकारले गेलो या आनंदाचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

निवृत्त उपसंपादक

हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा. त्या लेखकांच्या वतीने 10 कोटी 50 लाख डॉलरचा दावा 2011 मध्येच दाखल झाला होता आणि 2012 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला, कारण पैसे मिळणार नाहीत हे ठाऊक असूनच त्यांनी लेख दिले होते. मानधन विचारायचे असेल तर ते लेख देण्यापूर्वी विचारावे. मी 22 वर्षे या टेबलाच्या पलीकडे बसलो आहे. आलेल्या ईमेलपैकी निम्म्यांत मजकूरच नसायचा, नुसती पीडीएफ जोडलेली असायची, किंवा जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर उघडताच अक्षरांचा चुरा व्हायचा. कोल्हापूर, परभणी किंवा दादर, गाव कुणी पाहत नव्हते.

गुऱ्हाळघर

गाव पाहत नसतील, पण गावचा शब्द मात्र बरोबर पाहतात आणि काढून टाकतात. माझा अनुभव सांगते.

करवीर तालुक्यात आमचे गुऱ्हाळ माझ्या आजोबांपासून आहे. त्यावरचा माझा लेख एका मोठ्या संकेतस्थळाने स्वीकारला, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. प्रसिद्ध झालेला लेख वाचला आणि पेढा घशात अडकला. साच्यातून निघणाऱ्या गुळाच्या अखंड गोळ्याला आम्ही रवा म्हणतो. मी "30 किलोचा रवा" लिहिले होते, तिथे "30 किलो रवाळ गूळ" झाले होते. गुळव्याचा "गूळ बनवणारा कामगार" झाला होता. काहिलीची कढई झाली आणि चुलवाणाची चूल. गुळव्या हा कामगार नसतो. पाक कधी उतरवायचा हे तो ठरवतो, आणि त्याचा अंदाज एकदा चुकला की सगळे आधण वाया जाते. लेख त्या एका माणसावर होता आणि छापून आला तेव्हा तो माणूसच त्यात उरला नव्हता. वडिलांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि मला विचारले, "ह्ये कुणाच्या गुऱ्हाळाचं हाय?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर दोन वर्षे मी कुठेही लेख पाठवलेला नाही.

निवृत्त उपसंपादक

ताई, आपले दुःख मला समजते, परंतु संपादनाला वाचकांसाठी काहीतरी सर्वमान्य पाया लागतो. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 मध्ये आले, 1972 मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली, आणि त्याच 18 नियमांवर आजही छपाईचा व्यवहार चालतो. दिवसाला चाळीस मजकूर हातांखालून जात असताना प्रत्येक तालुक्याचा शब्द तपासत बसलो असतो तर एकही पान वेळेत गेले नसते. रवा म्हटले की बहुतेक घरांत शिरा आठवतो. तिथे "ढेप" लिहिले असते तर कुणाचे काय बिघडले असते?

मंगळवार पेठ

ते 18 नियम ऱ्हस्वदीर्घाचे आणि अनुस्वाराचे आहेत. गुळव्याला कामगार करा असा नियम त्यांत कुठेही नाही. आपण नियमांच्या आडून स्वतःचे अज्ञान लपवत आहात. शाहूपुरीच्या बाजारात रव्याचा सौदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि सांगलीच्या यार्डातही रवाच म्हणतात. गूळ आमचा, मानांकन आमच्या गुळाला, आणि शब्द तेवढा आपल्या टेबलावरचा, हे चालणार नाही.

निवृत्त उपसंपादक

अज्ञान हा शब्द मागे घ्यावा. ज्या काळात कोल्हापूरच्या बातमीदारांचे मजकूर मी रात्री दीडपर्यंत जागून नीट केले, त्या काळात आपण लिहायला सुरुवातही केली नसेल. प्रत्येक शब्दाला अस्मिता चिकटवायची असेल तर लेख संपादकाकडे पाठवूच नये.

वर्ध्याहून राजारामपुरीत

मी मूळची वर्ध्याची, लग्नानंतर येथे आले. उपसंपादक साहेब, आपण ढेप हा शब्द सगळ्या महाराष्ट्राचा धरून चालला आहात, म्हणून लिहिते. आमच्याकडे ढेप म्हटली की आधी सरकीची ढेप डोळ्यांपुढे येते, जी जनावरांना घालतात. तिला येथे पेंड म्हणतात, हे मला सासरी येऊन कळले. गुळाची ढेप म्हटले तर मला अर्थ लागतो, परंतु तो शेजारच्या शब्दामुळे लागतो, आणि तसाच तो गुळाच्या रव्याचाही लागला असता. तेव्हा टेबलावर बसून जो शब्द सर्वांचा वाटतो, तोही कुठल्यातरी भागाचाच असतो.

निवृत्त उपसंपादक

ढेपेचा हा अर्थ मला माहीत होता, पण तो त्या क्षणी आठवला नाही, हे मान्य करतो. रव्यापुरते मी मागे घेतो. गुळव्याच्या बाबतीतही ताईंना एक फोन करायला हवा होता. बाकी माझे मत कायम आहे.

पंचगंगातीर

मी ओळखीबद्दल लिहिले आणि चर्चा रव्यावर गेली, याचा काल मला राग आला होता. रात्री स्वतःचा चपलेचा छापील लेख पुन्हा उघडला. त्यात चपलेच्या "काना"ऐवजी "बाजूची पट्टी" असे छापले आहे. तो बदल मी प्रसिद्धीच्या दिवशीच पाहिला होता आणि लेख लागला या समाधानात काही बोललो नव्हतो. जवाहरनगरातल्या ज्या कारागिरांचे काम पाहून मी तो लेख लिहिला त्यांनी मात्र मला त्याबद्दल विचारले होते. ओळखीविषयीचे माझे म्हणणे मी मागे घेत नाही. मंगळवार पेठ यांचा मानधनाचा प्रश्न मी टाळला, हे खरे आहे: 11 पैकी फक्त चार लेखांचे पैसे मिळाले, कारण उरलेल्या सात वेळा मी विचारलेच नाही.

गुऱ्हाळघर ताईंसाठी एक उपयोगाची गोष्ट. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 19 नुसार लेखाचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि कलम 57 नुसार हक्क दिल्यानंतरही, लेखकाच्या नावलौकिकाला बाधा येईल अशा विकृतीला त्याला हरकत घेता येते. कोर्टात जा असे मी म्हणत नाही. परंतु लेख पाठवताना ईमेलच्या शेवटी "पुढील शब्द विषयाचे आहेत, ते बदलण्यापूर्वी विचारावे" असे लिहून शब्दांची यादी देता येते. मी पुढच्या लेखापासून तसे करणार आहे.

गुऱ्हाळघर

यादी मी देईन. परंतु उपसंपादकांचा एक मुद्दा मला रात्रभर टोचत राहिला: वर्ध्याच्या वाचकाला रवा कळेल अशी सोय मी माझ्या लेखात केलेली नव्हती, 43 फुटांसारखेच ते झाले होते. म्हणून जुना लेख बाजूला ठेवून नवा लिहायला घेतला आहे. त्याची सुरुवात अशी केली आहे: "काहिलीतला पाक गुळव्याने वाफ्यात उतरवला, निवल्यावर तो साच्यात भरला, आणि साचा उपडा केल्यावर 30 किलोचा जो पिवळाधमक रवा बाहेर आला, त्याला वडिलांनी आधी हात लावला." उपसंपादक साहेबांनी आता यातला कोणता शब्द काढावा लागेल ते सांगावे. त्यांचे उत्तर आल्यावर लेख पाठवीन.