मदत हवी आहे: जुन्या दहाचाकी ट्रकचं डिझेल झोजिला खिंडीपलीकडे थिजतं, ॲडिटिव्ह कुठे आणि किती टाकायचं?

दहाचाकी
नोव्हेंबरअखेर नाशिकहून कांदा घेऊन कारगिलला गाडी जायची आहे. 2011 चं मॉडेल, बीएस-3 (जुनं प्रदूषण-मानक), सहा सिलिंडर, इनलाइन डिझेल पंप, हाताने मारायचा प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप), दोन फिल्टर, टाकी 365 लिटर. मागच्या खेपेला द्रासला रात्रभर उभी होती. सकाळी पहिल्याच सेल्फला चालू झाली, सात-आठ मिनिटं चालली, मग पिकअप गेला आणि बंद. अँटी-जेलची (डिझेल थिजू नये म्हणून टाकायचं ॲडिटिव्ह) अख्खी बाटली तिथेच टाकीत ओतली, काडीचा उपयोग झाला नाही. औषध खोटं होतं का? लाइनवर सगळे रॉकेल मिसळायला सांगतात, ते करावं का? आणि रस्त्यात थिजलंच तर नेमकं काय करायचं?

नोझल
औषध खोटं असेलच असं नाही, वेळ चुकली. डिझेलमध्ये मेण असतं. गार झालं की आधी त्याचे बारीक कण धरतात, डिझेल पांढुरकं दिसतं. आणखी गार झालं की कण चपटे, मोठे होऊन एकमेकांना चिकटतात आणि फिल्टरच्या कागदावर साय धरावी तसा थर बसतो. अँटी-जेल मेण विरघळवत नाही. कण धरत असताना त्यांना बारीक ठेवतं, चिकटू देत नाही, एवढंच त्याचं काम. म्हणजे कण धरायच्या आधी ते डिझेलमध्ये मिसळलेलं हवं. थिजल्यावर ओतणं म्हणजे दही लागल्यावर दूध ढवळणं.

सात-आठ मिनिटं चालली ती पाइपांमध्ये आणि फिल्टरमध्ये होतं त्या डिझेलवर. टाकीतलं गार डिझेल आलं आणि फिल्टर तुंबला. मेणाची हीच खूण. पहिल्यापासून चालूच झाली नसती तर आधी बॅटरी, मग पाणी तपासायला सांगितलं असतं.

घाटमाथा
आकडे डोक्यात ठेवा. आपल्या मानकाप्रमाणे (आयएस 1460) नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलचा सीएफपीपी जास्तीत जास्त 6 अंश, बाकी महिन्यांत 18 अंश. सीएफपीपी म्हणजे ज्या तापमानाला डिझेल 45 मायक्रॉनच्या जाळीतून ठरलेल्या वेळात जाईनासं होतं ते. तुमच्या गाडीचा कागदी फिल्टर त्या जाळीपेक्षा कितीतरी बारीक, म्हणजे तो त्याच्याही आधी तुंबू शकतो. प्रत्यक्षात डिझेल या मर्यादेपेक्षा बरंच चांगलं असू शकतं, पण पंपावर ते कळायला मार्ग नाही. त्यात नाशिकच्या पंपाच्या टाकीत नोव्हेंबरातही ऑक्टोबरचा साठा असू शकतो. ते डिझेल घेऊन द्रासला मुक्काम म्हणजे थिजणारच.

म्हणून जम्मूला पोचताना टाकी जवळपास रिकामी असेल असं बघा. औषध तिथे, दुपारच्या उन्हात. आधी औषध टाकीत, मग वरून डिझेल, म्हणजे धारेनेच ढवळलं जातं. उलट केलंत तर ते एका कोपऱ्यात बसून राहतं. जम्मू ते कारगिल साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. घाटात अडीचचा ॲव्हरेज धरा, 180 लिटर लागेल. भरलेली टाकी सहज पोचवते, वाटेत साधं डिझेल मिसळायची वेळ येत नाही.

माप बाटलीवरचंच. 1:1000 असेल तर 365 लिटरला 365 मिली, 1:500 असेल तर 730. दुप्पट टाकून दुप्पट थंडी झेपत नाही, उलट जास्तीचं औषधच फिल्टरला त्रास देतं.

पाना
वरच्यात भर. बाटली घेताना 'कोल्ड फ्लो' किंवा 'सीएफपीपी' लिहिलंय का बघा. दुकानदार 'डिझेल ॲडिटिव्ह' म्हणून इंजेक्टर क्लीनर किंवा सीटेन (डिझेलचा पेट घेण्याचा गुण) वाढवणारं काहीही हातात देतो. जुन्या गाडीत क्लीनर पहिल्यांदा वापरायची जागा घाट नव्हे. चौदा वर्षांच्या टाकीच्या तळाला गाळ, गंज, डिंकासारखा थर असतो. क्लीनर तो सोडवतो आणि सगळा माल फिल्टरमध्ये. मग तुम्ही मेणाला शिव्या घालत बसता. टाकी नाशिकलाच उतरवून धुऊन घ्या, सक्शन पाइपची जाळी काढून बघा.

टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतचे रबरी पाइपही बदला. थंडीत जुनं रबर आखडतं, क्लिपपाशी हवा ओढतं आणि गाडी हुबेहूब डिझेल थिजल्यासारखी मरते. फरक असा: हवा असेल तर प्रायमर मारताना हवेच्या स्क्रूतून फेस येतच राहतो. मेण असेल तर तिथून काहीच येत नाही, प्रायमर जड लागतो.

सहावा गिअर
इतकं कशाला? शंभराला वीस लिटर रॉकेल. जुन्या गाड्या पचवतात.

नोझल
पचवतात, पण फायदा किती ते बघा. ढोबळमानाने दर 10 टक्के रॉकेलमागे दोन-एक अंश. वीस टक्क्यांनी चार अंश मिळाले, द्रासची रात्र उणे पंधराची. बदल्यात डिझेलचं वंगण कमी होतं. इनलाइन पंपाचा कॅम इंजिन ऑइलवर चालतो, पण प्लंजर (पंपात डिझेल दाबणारा दांडा) आणि नोझलला वंगण डिझेलचंच. रोटरी पंपवाल्यांनी तर विचारही करू नये, त्यांच्या सगळ्या पंपालाच वंगण डिझेलचं. शिवाय रेशनचं निळं रॉकेल टाकीत सापडलं तर भेसळीचा गुन्हा. बीएस-6 गाडीत रॉकेलमधलं गंधक एक्झॉस्टची यंत्रणा मारतं, तो खर्च वेगळा.

आणि पेट्रोल मिसळा म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून गाडी लांब लावा. थोड्याशा पेट्रोलनेही टाकीतली वाफ भडका घेण्याजोगी होते.

घाटमाथा
लडाखच्या पंपांवर 2019 च्या नोव्हेंबरपासून इंडियन ऑइलचं हिवाळी डिझेल मिळतं, उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं. परतीसाठी कारगिलला तेच भरा, त्यात वरून औषध नको. मात्र साध्यात मिसळलं की गुण पातळ होतो, तेव्हा टाकी जितकी खाली असेल तितकं बरं.

दहाचाकी
समजलं. आता थिजलंच तर?

पाना
आधी सेल्फ मारणं थांबवा. बॅटरी थंडीत अर्धमेली असते, ती इथेच संपते.

फिल्टरचं तळाचं ड्रेन उघडा. पांढुरकं, थिजलेल्या खोबरेलासारखं आलं तर मेण. पारदर्शक, टणक खडा अडकलाय तर पाणी गोठलंय, त्याला अँटी-जेल कामाचं नाही. पाणी रोज रात्री गाडी उभी केल्या केल्या सोडायचं, सकाळी नव्हे. सकाळपर्यंत त्याचा बर्फ होतो.

मेण असेल तर दोन्ही फिल्टर काढा, नवे बसवा. दोन जादा फिल्टर बाहेरच्या पेटीत नव्हे, केबिनमध्ये अंथरुणापाशी ठेवा. गार फिल्टरमध्ये गार डिझेल गेलं की पुन्हा तेच. थिजलेलं पातळ करणारं औषध वेगळं मिळतं, त्यात विद्रावक असतो. तसलं एक जवळ असू द्या. लेबलवर सांगितलं असेल तर थोडं फिल्टरमध्ये, बाकी टाकीत. टाकी, फीड पंप आणि पाइपांवर फडकी गुंडाळून कोमट पाणी ओता, उकळतं नको, काचेची वाटी तडकते. नंतर फडकी काढून टाका, नाहीतर त्यांचाच बर्फ होतो.

मग हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल, प्रायमर मारत राहा, बुडबुडे थांबले की आवळा. पुढे पंपावरचा स्क्रू, तसंच. मग दोन-तीन नोझलचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ, एका वेळी 15 सेकंद, मध्ये दोन मिनिटं विसावा. डिझेल उडालं की नट आवळा.

टाकीखाली स्टोव्ह किंवा पेटती चिंधी अजिबात नाही. शेजारून ब्रेकच्या हवेचे नायलॉनचे पाइप जातात, ते आधी वितळतात. डिझेल गळत असेल तर पुढचं सांगायला नको.

घाटमाथा
एक साधी युक्ती. टाकीतलं औषधवालं डिझेल पारदर्शक बाटलीत अर्धं भरून बूच घट्ट लावा आणि टाकीशेजारी बाहेर बांधा. सकाळी सेल्फच्या आधी टॉर्चच्या उजेडात बघा. नुसतं धुकट असेल तर घाबरू नका, औषधाने धुकं जात नाही. बाटली आडवी केल्यावर पाण्यासारखं वाहतंय ना ते बघायचं. घट्ट ओघळ येत असेल तर गाडीला हात लावू नका, ऊन चढू द्या.

झोजिला बंद होऊन दोन-तीन दिवस अडकलात तर मेण तळाला बसतं, आणि सक्शन पाइप तळाशीच असतो. अशा वेळी रोज थोडा वेळ इंजिन चालवा, इंजिनाकडून परत येणारं कोमट डिझेल टाकीत फिरतं. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावा, पण सगळा झाकू नका.

सहावा गिअर
रेडिएटरवरून आठवलं, कूलंट आहे की नळाचं पाणी?

दहाचाकी
पाणीच आहे. घाटाखाली कधी अडलं नाही.

नोझल
मग डिझेल राहू द्या, आधी ते पाणी काढा. पाणी गोठून ब्लॉक फुटला तर गाडी कारगिलहून क्रेनवर येईल. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, उणे 35 च्या पुढे टिकतं. नाशिकला जुनं पाणी पूर्ण काढा, ब्लॉकचा ड्रेनही उघडा, नाहीतर तळाचं राहतं आणि माप बिघडतं. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतलं पाणीही रोज संध्याकाळी सोडा.

दहाचाकी
कूलंट या आठवड्यात करतो. परत आल्यावर टाकीत उरलेलं औषधवालं डिझेल काढावं लागेल का?

पाना
नाही, जाळून टाका. फक्त घाटात मेण धरलेले फिल्टर जम्मूला उतरल्यावर बदला. उन्हात मेण पातळ होऊन निघून जातं, पण त्याच्यासोबत बसलेला गाळ तिथेच राहतो.